थर्लसची सभा ते क्रोक पार्क : गेलिक अ‍ॅथलेटिक असोसिएशनची वाटचाल

आयर्लंडमधील गेलिक अ‍ॅथलेटिक असोसिएशन, म्हणजेच 'जीएए', ही जगातील सर्वांत मोठ्या हौशी क्रीडासंस्थांपैकी एक. 1884 साली एका लहानशा बाजारपेठेच्या गावात मूठभर माणसांनी ती स्थापन केली. आज आयर्लंडभर तिचे 2,200 हून अधिक क्लब आहेत आणि डब्लिनमधील तिच्या मालकीच्या क्रोक पार्क मैदानात 82,300 प्रेक्षक मावतात. राष्ट्रीय अंतिम सामन्याला हे मैदान तुडुंब भरते. तिथे उतरणाऱ्या तीस खेळाडूंपैकी कोणालाही खेळण्याचे वेतन मिळत नाही. सामना संपला, मिरवणुका ओसरल्या, की त्यांतला कोणी शाळेत शिकवायला जातो, कोणी शेतावर, कोणी बँकेत.

आपल्याकडे पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने 1914 साली खो-खोला लेखी नियम दिले. देशी खेळांना नियम, स्पर्धा आणि प्रतिष्ठा मिळवून देण्याचे तेच काम आयर्लंडमध्ये त्याआधी तीस वर्षे सुरू झाले होते. देशी खेळांसाठी झटणाऱ्या आपल्या मंडळांनी जीएएचा इतिहास जरूर वाचावा. ही संस्था दोन गोष्टींवर उभी राहिली : खेळाडू आपल्या गावाचा आणि निर्णय सभेचा. या दोन गोष्टी जपल्या गेल्या तेव्हा संस्था वाढली आणि ढिल्या पडल्या तेव्हा तिच्यावर संकटे आली.

पार्श्वभूमी

हर्लिंग हा वाकड्या टोकाच्या काठीने आणि लहान चेंडूने खेळायचा खेळ आयर्लंडमध्ये शतकानुशतके चालत आला होता. कू खुलिन या पुराणवीराच्या बालपणाच्या कथांतही त्याचे वर्णन येते. 1845 पासून बटाट्याचे पीक सलग कुजले आणि महादुष्काळ पडला. सुमारे दहा लाख माणसे मेली आणि जवळपास तितकीच परदेशी गेली. गावेच्या गावे ओस पडली, तिथे खेळ कोण खेळणार? दुष्काळानंतरच्या पिढीत हर्लिंग काही थोड्या भागांपुरते उरले. शहरांत आणि चांगल्या शाळांत क्रिकेट आणि रग्बी रुजले. मैदानी शर्यती इंग्लंडमधील क्लबांच्या धर्तीवर होऊ लागल्या. त्यांत मजूर-कारागिरांना स्थान नव्हते आणि कष्टकऱ्यांच्या सुट्टीच्या दिवशी, रविवारी, त्या भरत नसत.

ही खंत ज्यांनी बोलून दाखवली ते मायकेल क्यूसॅक. त्यांचा जन्म ऐन दुष्काळात, 1847 साली, क्लेअर काउंटीच्या खडकाळ बरेन भागातील कॅरन येथे झाला. घरची भाषा आयरिश आणि पेशा शिक्षकाचा. डब्लिनमध्ये ते सरकारी नोकरीच्या परीक्षांची तयारी करून घेणारी शाळा चालवत. स्वतः क्रिकेट आणि रग्बी खेळलेले हे गृहस्थ पुढे हर्लिंगकडे वळले आणि फिनिक्स पार्कमध्ये तरुणांना जमवून खेळवू लागले. 1884 च्या ईस्टरला त्यांचा मेट्रोपॉलिटन क्लब बॅलिनस्लो येथे गॉलवेच्या किलिमर संघाशी खेळायला गेला, पण दोन्ही संघांचे नियम वेगवेगळे असल्याने सामना अर्ध्यावर सोडावा लागला. सर्व देशासाठी एकच नियमावली हवी, हे त्या दिवशी उघड झाले.

11 ऑक्टोबर 1884 रोजी क्यूसॅक यांनी वृत्तपत्रांत लेख लिहून आयरिश लोकांनी आपले खेळ आपल्या हाती घ्यावेत अशी हाक दिली. आठवड्याभरात तिला मॉरिस डॅविन यांनी साथ दिली. डॅविन हे शूर नदीकाठच्या कॅरिक गावचे शेतकरी आणि आपल्या काळातले नामांकित मैदानी खेळाडू. 1881 मध्ये, चाळिशीच्या उंबरठ्यावर असताना, इंग्लंडच्या राष्ट्रीय स्पर्धेत त्यांनी हातोडाफेक आणि गोळाफेक या दोन्ही जिंकल्या होत्या. त्यांच्या पाठिंब्याने क्यूसॅक यांच्या हाकेला वजन आले.

स्थापना

1 नोव्हेंबर 1884 रोजी टिपरेरी काउंटीतील थर्लस गावी, हेज यांच्या हॉटेलात, दुपारी सभा भरली. इतिवृत्तांतून संस्थापक म्हणून सात नावे पुढे आली आहेत : शिक्षक क्यूसॅक, शेतकरी डॅविन, पत्रकार जॉन वाइझ पॉवर आणि जॉन मॅके, बांधकाम ठेकेदार जेम्स ब्रॅकन, वकील जोसेफ ओ'रायन आणि पोलीस अधिकारी थॉमस सेंट जॉर्ज मॅकार्थी. मॅकार्थी ब्रिटिश राजवटीच्या पोलीस दलात होते आणि 1882 मध्ये आयर्लंडकडून रग्बीही खेळले होते. त्यांचे नाव वाचकांनी लक्षात ठेवावे, कारण पुढे याच संस्थेने पोलिसांना आणि रग्बी खेळणाऱ्यांना आपली दारे बंद केली.

डॅविन अध्यक्ष झाले. क्यूसॅक, वाइझ पॉवर आणि मॅके चिटणीस झाले. आश्रयदाते म्हणून तीन थोर व्यक्तींना विनंती करण्यात आली : कॅशेलचे आर्चबिशप थॉमस क्रोक, राजकीय नेते चार्ल्स स्ट्यूअर्ट पार्नेल आणि शेतकरी चळवळीचे प्रणेते मायकेल डेव्हिट. पार्नेल यांच्या होमरूल चळवळीची मराठी माणसाला वेगळी ओळख करून देण्याची गरज नाही. टिळकांनी 1916 साली स्थापन केलेल्या होमरूल लीगचे नाव त्याच आयरिश चळवळीवरून आले आहे. धर्म, राजकारण आणि शेतकरी अशी तिन्ही बळे पहिल्या दिवसापासून संस्थेच्या पाठीशी राहिली.

नियम, प्रसार आणि पहिली फाटाफूट

जानेवारी 1885 मध्ये डॅविन यांनी तयार केलेले हर्लिंग आणि गेलिक फुटबॉलचे नियम थर्लसच्याच सभेत मंजूर झाले. सामने रविवारी ठेवले गेले, त्यामुळे शेतमजूर आणि दुकानातला नोकर दोघेही मैदानावर येऊ शकले. प्रत्येक पॅरिशचा, म्हणजे एका चर्चभोवतीच्या गावांचा, स्वतंत्र क्लब असावा हे तत्त्व ठरले. दोन वर्षांच्या आत देशभर शेकडो क्लब उभे राहिले.

मात्र प्रसाराच्या वेगाबरोबर कारभार सांभाळता आला नाही. क्यूसॅक तडफदार होते, पण पत्रव्यवहार आणि हिशेबात ढिले होते आणि सहकाऱ्यांशी त्यांचे सतत खटके उडत. जुलै 1886 मध्ये सभेने त्यांना चिटणीसपदावरून दूर केले. संस्थापकालाही सभेपुढे उत्तर द्यावे लागते, हा पायंडा त्या दिवशी पडला. 1887 मध्ये गुप्त क्रांतिकारी संघटनेच्या सदस्यांनी कार्यकारिणी ताब्यात घेतली आणि नोव्हेंबरच्या थर्लस अधिवेशनात संस्था दुभंगली. आर्चबिशप क्रोक यांच्या मध्यस्थीने जानेवारी 1888 मध्ये तडजोड झाली आणि डॅविन पुन्हा अध्यक्ष झाले.

याच धामधुमीत पहिली अखिल आयर्लंड अजिंक्यपद स्पर्धा झाली. 1887 च्या स्पर्धेचा हर्लिंगचा अंतिम सामना 1 एप्रिल 1888 रोजी बर येथे झाला आणि त्यात टिपरेरीने गॉलवेला हरवले. फुटबॉलमध्ये लिमरिकने लाऊथवर मात केली. तेव्हा एका संघात 21 खेळाडू असत. 1892 मध्ये ते 17 झाले आणि 1913 पासून आजचे 15.

1888 च्या शरद ऋतूत सुमारे पन्नास खेळाडूंना अमेरिकेला नेण्यात आले. प्राचीन ताल्तेन क्रीडामहोत्सव पुन्हा भरवण्यासाठी निधी जमवावा, हा हेतू होता. दौरा तोट्यात गेला, परतीच्या खर्चासाठी डेव्हिट यांना कर्जाऊ रक्कम द्यावी लागली आणि काही खेळाडू तिकडेच राहिले. त्यापाठोपाठ पार्नेल यांच्या पक्षातली फूट गावोगावी पोचली. ऑक्टोबर 1891 मध्ये त्यांच्या अंत्ययात्रेत जीएएचे सदस्य हर्लिंगच्या काठ्या घेऊन चालले. पुढची काही वर्षे संस्था जगते की नाही अशी स्थिती होती.

घडी बसली

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला संस्थेला सावरणारी माणसे लाभली. 1901 पासून किल्केनीचे जेम्स नोलन यांनी वीस वर्षे अध्यक्षपद सांभाळले, तर ल्यूक ओ'टूल यांनी चिटणीस म्हणून दैनंदिन कारभाराला शिस्त लावली. मन्स्टर, लेन्स्टर, अल्स्टर आणि कॉनॉट या चार प्रांतांच्या परिषदा स्थापन झाल्या. क्लब, काउंटी, प्रांत आणि मध्यवर्ती मंडळ ही रचना तेव्हापासून टिकून आहे. क्लबने काउंटीत प्रतिनिधी पाठवायचे आणि काउंटीने वार्षिक अधिवेशनात. नियमातला एक शब्द बदलायचा असला तरी ठराव खालून वर येतो.

हक्काच्या मैदानाचा प्रश्नही याच काळात सुटला. डब्लिनमधील जोन्स रोडवरची जागा 1908 मध्ये फ्रँक डिनीन यांनी 3,250 पौंडांना विकत घेतली. संस्थेचे अध्यक्षपद आणि चिटणीसपद अशी दोन्ही पदे भूषवलेले ते एकमेव गृहस्थ. संस्थेजवळ पैसे नसताना त्यांनी ही जागा तिच्यासाठी राखून ठेवली. 1913 मध्ये आर्चबिशप क्रोक यांच्या स्मरणार्थ भरवलेल्या स्पर्धेत केरी आणि लाऊथ यांचा अंतिम सामना बरोबरीत सुटला. फेरसामन्याला विक्रमी गर्दी लोटली आणि त्या उत्पन्नाच्या बळावर संस्थेने 3,500 पौंडांना मैदान घेतले. ते आजचे क्रोक पार्क.

स्वातंत्र्यलढा आणि रक्तरंजित रविवार

1916 च्या ईस्टर उठावात संस्था म्हणून जीएए सामील नव्हती, पण तिचे अनेक सदस्य होते. वेल्समधील फ्रॉनगॉखच्या छावणीत डांबलेल्या कैद्यांनी तिथेही गेलिक फुटबॉलचे सामने खेळले. 1918 मध्ये ब्रिटिश प्रशासनाने सामन्यांसाठी परवाना सक्तीचा केला. त्यावर संस्थेचे उत्तर साधे होते : परवाना मागायचा नाही, सामने खेळायचे. 4 ऑगस्ट 1918 रोजी दुपारी एकाच वेळी देशभर सामने झाले. हजारो खेळाडू मैदानात उतरले आणि परवान्याची सक्ती तिथेच संपली. हा दिवस 'गेलिक रविवार' म्हणून ओळखला जातो.

21 नोव्हेंबर 1920 चा रविवार मात्र काळा ठरला. सकाळी डब्लिनमध्ये आयरिश क्रांतिकारकांनी ब्रिटिश गुप्तहेर अधिकाऱ्यांना त्यांच्या निवासस्थानी गाठून ठार केले. दुपारी क्रोक पार्कमध्ये टिपरेरी आणि डब्लिन यांचा फुटबॉल सामना चालू असताना सशस्त्र पोलीस मैदानात घुसले आणि त्यांनी गर्दीवर गोळीबार केला. दोन मिनिटांच्या आत तो थांबला, पण 14 माणसांचा बळी गेला. त्यांत 10, 11 आणि 14 वर्षांची तीन मुले होती आणि टिपरेरीचा खेळाडू मायकेल होगनही होता. मैदानाच्या मुख्य प्रेक्षागाराला आज होगनचे नाव आहे. इतर अनेकांच्या कबरींवर कित्येक दशके साधा दगडही नव्हता. शताब्दीच्या आधीच्या वर्षांत संस्थेने त्या कुटुंबांना शोधून काढून कबरींवर शिळा बसवल्या. 2020 मध्ये महासाथीमुळे रिकाम्या मैदानात 14 मशाली पेटवून प्रत्येकाचे नाव घेण्यात आले.

स्वातंत्र्यानंतर लगेच 1922-23 मध्ये यादवी पेटली. भाऊ भावाविरुद्ध उभा राहिला आणि केरी काउंटीत सर्वांत जास्त कटुता माजली. तरीही कॉन ब्रॉस्नन हा नव्या सरकारच्या सैन्यातला अधिकारी आणि जॉन जो शीही हा त्या सरकारशी लढलेला बंडखोर नेता, असे दोघे केरीच्या एकाच संघातून खेळले आणि 1924 चे अजिंक्यपद त्यांनी मिळून जिंकले. राजकीय पक्षांना ती दरी बुजवायला पुढे अनेक वर्षे लागली.

खेळ आणि वैभवाचा काळ

हर्लिंगची काठी अ‍ॅशच्या झाडापासून होते. बुंध्याचा मुळाकडे वळणारा भाग त्यासाठी निवडतात, म्हणजे लाकडाचे रेषे काठीच्या वाकासोबत वळतात आणि ती सहजी मोडत नाही. 'स्लिटर' हा चेंडू बुचाच्या लाकडाचा गाभा असलेला आणि चामड्याने शिवलेला असतो. काठीने तो जमिनीवरून किंवा हवेत मारता येतो, हातात झेलता येतो किंवा काठीच्या पात्यावर तोलत पळता येतो. हातात धरून मात्र चार पावलांपुढे जाता येत नाही. गोलखांब इंग्रजी एच अक्षराच्या आकाराचे असतात. आडव्या खांबावरून चेंडू गेला तर एक गुण, खालून जाळ्यात गेला तर गोल, म्हणजे तीन गुण. गेलिक फुटबॉलमध्ये चेंडू मोठा, हात आणि पाय दोन्ही वापरायची मुभा. हर्लिंग आणि त्याचाच स्त्रियांचा प्रकार कमोगी यांचा समावेश 2018 मध्ये युनेस्कोच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत झाला.

29 ऑगस्ट 1926 रोजी किल्केनी आणि गॉलवे यांच्या हर्लिंग उपांत्य सामन्याचे धावते वर्णन रेडिओवरून झाले. युरोपातल्या मैदानी खेळाच्या पहिल्या प्रक्षेपणांपैकी ते एक. पुढे मिहॉल ओ'हेहीर यांच्या आवाजाने हे सामने घराघरांत नेले. 1947 मध्ये दुष्काळाच्या काळ्या वर्षाला शंभर वर्षे झाली, तेव्हा स्थलांतरितांच्या सन्मानार्थ फुटबॉलचा अंतिम सामना न्यूयॉर्कमध्ये खेळवला गेला आणि कॅव्हनने केरीला नमवले. 1960 मध्ये डाऊन संघाने फुटबॉल अजिंक्यपदाचा सॅम मग्वायर चषक प्रथमच सीमेपलीकडे, ब्रिटिश राज्यात राहिलेल्या उत्तर आयर्लंडमध्ये नेला. पुढच्या वर्षी त्याच संघाचा ऑफलीविरुद्धचा अंतिम सामना पाहायला 90,556 माणसे आली. हा विक्रम आजही अबाधित आहे.

स्त्रियांचे योगदान

1884 च्या सभेत स्त्रिया नव्हत्या. आयरिश भाषेच्या चळवळीतील स्त्रियांनी 1904 मध्ये कमोगीची स्वतंत्र संघटना उभारली. मॉयरा नी खिनेजा तिच्या पहिल्या अध्यक्षा. महिला गेलिक फुटबॉलची संघटना 1974 मध्ये स्थापन झाली, तीही थर्लसच्या त्याच हॉटेलात. 2019 च्या महिला फुटबॉल अंतिम सामन्याला 56,114 प्रेक्षक होते. तरीही मैदाने, प्रवासखर्च आणि सोयी यांत स्त्रियांना दीर्घकाळ दुय्यम वागणूक मिळाली. आता माजी राष्ट्राध्यक्षा मेरी मॅकअ‍ॅलिस यांच्या अध्यक्षतेखालील समितीने तिन्ही संघटना 2027 पर्यंत एकत्र आणण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. हे काम याआधीच व्हायला हवे होते.

बंदीचे नियम आणि खुली झालेली दारे

विसाव्या शतकाच्या आरंभी संस्थेने परकीय खेळांवर बंदी घातली. रग्बी, फुटबॉल, हॉकी किंवा क्रिकेट खेळणाऱ्याला, पुढे ते पाहायला जाणाऱ्यालाही, सदस्यत्व गमवावे लागे. 1938 मध्ये आयर्लंडचे पहिले राष्ट्राध्यक्ष डग्लस हाइड यांना, आयरिश भाषेसाठी आयुष्य वेचलेल्या माणसाला, पोलंडविरुद्धचा फुटबॉल सामना पाहिल्याबद्दल आश्रयदाते म्हणून काढून टाकण्यात आले. संस्थेच्या इतिहासातले हे दुःखद पान आहे. परसत्तेच्या दबावाखाली स्वत्व जपण्यासाठी सुरू झालेला नियम स्वातंत्र्यानंतर आपल्याच माणसांवर उलटला. 1971 च्या बेलफास्ट अधिवेशनात ही बंदी उठली.

उत्तर आयर्लंडच्या पोलीस आणि सैन्यातील लोकांना सदस्यत्व नाकारणारा नियम 2001 पर्यंत टिकला. त्यामागे खऱ्या जखमा होत्या. तिथल्या हिंसाचाराच्या काळात क्रॉसमॅग्लेन क्लबच्या मैदानाचा भाग ब्रिटिश सैन्याने व्यापला होता आणि 1997 मध्ये बेलाही क्लबचे अध्यक्ष शॉन ब्राउन यांना, रात्री क्लबचे फाटक बंद करत असताना, पळवून नेऊन मारण्यात आले. तरीही नव्या पोलीस दलाची स्थापना झाल्यावर संस्थेने तो नियम रद्द केला. एप्रिल 2005 मध्ये क्रोक पार्क इतर खेळांना खुले करण्याचा ठराव 227 विरुद्ध 97 मतांनी मंजूर झाला. 24 फेब्रुवारी 2007 रोजी, जिथे 1920 मध्ये गोळ्या झाडल्या गेल्या होत्या, तिथे इंग्लंडचा रग्बी संघ खेळला. त्यांचे राष्ट्रगीत शांतपणे ऐकले गेले आणि आयर्लंडने सामना 43-13 असा जिंकला. मे 2011 मध्ये राणी एलिझाबेथ क्रोक पार्कला आल्या. त्या वेळी आयर्लंडचे क्रीडाखाते सांभाळत होते लिओ वराडकर, ज्यांच्या वडिलांचे मूळ गाव मालवण तालुक्यातले वराड. 2017 मध्ये ते देशाचे पंतप्रधान झाले.

संस्थापकांपैकी पोलीस अधिकारी मॅकार्थी 1943 मध्ये वारले. त्यांची कबर अनेक वर्षे नावाशिवाय होती. 2009 मध्ये, संस्थेच्या 125 व्या वर्षी, तिच्यावर शिळा बसवण्यात आली. आपल्या पहिल्या सभेतला प्रत्येक माणूस आपला, हे संस्थेने त्यातून मान्य केले.

आज आणि उद्या

काउंटीच्या संघात निवड झालेला खेळाडू आठवड्यात अनेक संध्याकाळी सरावाला जातो. 1999 मध्ये स्थापन झालेली खेळाडूंची संघटना त्यांच्या प्रवासखर्चाचे, आरोग्याचे आणि शिक्षणाचे प्रश्न मांडते, आणि तिला संस्थेची मान्यता आहे. पण खेळाडूंची खरेदी-विक्री नाही. जन्मगावच्या क्लबकडून खेळायचे, हीच रीत. दूरदर्शनचे हक्क आणि तिकिटांतून येणारा पैसा मैदाने, प्रशिक्षण आणि क्लबांकडे वळवला जातो. 2020 च्या महासाथीत क्रोक पार्कचा परिसर चाचणीकेंद्र झाला, गावोगावच्या क्लबांनी वृद्धांना घरपोच किराणा आणि औषधे पोचवली आणि त्याच वर्षी डब्लिनच्या मुस्लिमांनी बकरी ईदची नमाज क्रोक पार्कच्या हिरवळीवर अदा केली.

पुढचे प्रश्न सोपे नाहीत. ग्रामीण भागातून तरुण शहरांकडे आणि परदेशी जात आहेत, त्यामुळे काही पॅरिशना पंधरा खेळाडू जमवताना शेजारच्या गावाशी हातमिळवणी करावी लागते. अ‍ॅशच्या झाडांवर 2012 पासून बुरशीचा रोग पसरला आहे आणि बांबू किंवा कृत्रिम द्रव्याच्या काठ्या वापरात येत आहेत. पैशाचे आकर्षण वाढते तसे हौशीपणावर ताण येतो. फुटबॉल संथ झाला अशी तक्रार वाढली तेव्हा संस्थेने जिम गॅव्हिन यांच्या समितीकडून नियमांची फेररचना करून घेतली. 2025 पासून 40 मीटरच्या कमानीबाहेरून आडव्या खांबावरून मारलेल्या चेंडूला दोन गुण मिळतात.

मॉरिस डॅविन यांनी पहिले नियम लिहिले, त्याला 140 वर्षे उलटून गेली आणि नियम अजूनही त्याच मार्गाने बदलतात : क्लबात चर्चा, काउंटीत ठराव, अधिवेशनात मतदान. म्हणूनच चुका झाल्या तरी त्या दुरुस्त करता आल्या आणि फूट पडली तरी पुन्हा एकत्र येता आले. आपल्या कबड्डी, खो-खो आणि मल्लखांबाच्या मंडळांसमोर आज हेच प्रश्न वेगळ्या रूपात उभे आहेत. व्यावसायिक स्पर्धांनी पैसा आणि प्रसिद्धी आणली आहे आणि त्यांचे स्वागतच आहे. पण गावातल्या मैदानावर रोज संध्याकाळी मुलांना जमवणारा शिक्षक आणि मंडळाच्या सभेत हिशेब विचारणारा साधा सभासद या दोघांचे मोल त्या पैशाने कमी होता कामा नये. जीएएच्या इतिहासातून घेण्यासारखे सर्वांत मोलाचे ते हेच.